वाळवंटात आरव्ही घेऊन जायचंय? आधी पाण्याचा हिशेब करा

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी जिथे जिथे भरकटलो ते काढून टाकलंय आणि आकडे एका जागी आणलेत.

झालं असं, की एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, आई-वडील अमेरिकेत येतायत. आरव्ही भाड्याने घेऊन वाळवंटातली नॅशनल पार्क दाखवायचीयत. तू केलंयस ना? यादी पाठव." यादी देतोच. पण माझ्याकडे यादी होती, एक्सेल शीट होती, शीटला सात टॅब होते, आणि तरी एका दुपारी माझे बाबा गाडीच्या पायरीवर डोकं धरून बसले. म्हणून यादीसोबत तेही सांगतो.

मी मूळचा वीरचा. महाड तालुका. १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा रोह्यापासून जिथपर्यंत सुरू झाला, तेच वीर. बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली, मग कंपनीने लॉस एंजेलिसजवळ पाठवलं. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला. महाड एमआयडीसीतून मुंबई, कधी वरंध चढून भोर, कधी कशेडी उतरून खेड. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पोचवला, स्वतः फिरायला म्हणून कुठे गेले नाहीत. म्हणून मला ही ट्रिप त्यांना द्यायची होती.

आरव्ही म्हणजे नक्की काय

आरव्ही म्हणजे आत पलंग, गॅस, फ्रिज, संडास, शॉवर असलेली गाडी. ढोबळमानाने तीन प्रकार. क्लास ए म्हणजे अख्खी बस. क्लास बी म्हणजे व्हॅनमध्ये बसवलेलं छोटं घर. क्लास सी म्हणजे टेम्पोसारख्या चासीवर बांधलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर आणखी एक पलंग असतो. आम्ही क्लास सी घेतली, पंचवीस फुटी. आईने आत पाय ठेवला आणि म्हणाली, "अरे, हे तर चालतं वन रूम किचन!" कॅलिफोर्नियात एवढ्या गाडीला कारचं साधं लायसन्स चालतं.

भाड्याने घेताना चार प्रश्न विचारा. भाड्यात किती मैल धरलेत? जनरेटरच्या तासांचे पैसे वेगळे का? या मोसमात डेथ व्हॅलीत गाडी नेऊ देता का? (उन्हाळ्यात बऱ्याच कंपन्या नेऊ देत नाहीत.) आणि विम्यात काय काय येतं? क्रेडिट कार्डावर मिळणारा गाडीचा विमा बहुतेक वेळा आरव्हीला लागू होत नाही.

अजून एक. गाडीची खरी लांबी टेप लावून मोजा. "पंचवीस फुटी" हे नाव असतं, मागची शिडी आणि बंपर धरून ती जास्त भरू शकते. डेथ व्हॅलीतल्या आर्टिस्ट्स ड्राइव्ह या रस्त्यावर पंचवीस फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. जॉशुआ ट्रीमधल्या काही कॅम्पग्राउंडलाही हीच मर्यादा आहे.

सहा पार्कांची दोन कशी झाली

माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये नऊ दिवसांत सहा पार्क होती: जॉशुआ ट्री, सग्वारो, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, डेथ व्हॅली. बाबांनी कागदावर नुसती नजर टाकली आणि विचारलं, "हा माल कुठे उतरवायचाय? एवढी घाई कसली?"

त्यांचं बरोबर होतं. गुगल मॅप्स जी वेळ दाखवतं ती कारची. आरव्हीला त्यात पाव हिस्सा वाढवून धरा. गाडी उंच, वारा आडवा, वळणांवर आत भांडी खडखडतात. माझा नियम असा झाला: दिवसाला साधारण अडीचशे, फार तर पावणेतीनशे किलोमीटर, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामी. अंधारात पंचवीस फुटी गाडी मागे घेऊन जागेवर लावणं पहिल्या दिवशी करू नका.

हा नियम लावला आणि दोनच पार्क उरली. पहिल्या दिवशी फक्त गाडी ताब्यात घ्यायची, किराणा भरायचा आणि जवळच झोपायचं. मग दोन रात्री जॉशुआ ट्री. मग बार्स्टोजवळ एका खासगी आरव्ही पार्कमध्ये एक रात्र, टाक्या रिकाम्या करायला आणि भरायला. मग डेथ व्हॅलीत तीन रात्री. परतीच्या वाटेवर आणखी एक मुक्काम. एकूण साधारण साडेचौदाशे किलोमीटर. ही गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, म्हणजे चारशे-सव्वाचारशे लिटर पेट्रोल धरायचं. दोन्ही पार्कांचा प्रवेश एका गाडीला तीस डॉलर होता, सात दिवसांसाठी. फी आणि नियम बदलत राहतात, निघण्याआधी पार्कची साइट बघा.

महिना मार्च. हे सर्वांत महत्त्वाचं. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तो आजही जगाचा अधिकृत विक्रम आहे. जुलैत तिथे रोजचं कमाल तापमान सरासरी ४७च्या आसपास असतं. मार्चमध्ये मात्र २७-२८. तिथे जायचे महिने म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे गर्दीही तेव्हाच. फर्नेस क्रीक कॅम्पग्राउंडचं बुकिंग या मोसमासाठी सहा महिने आधी उघडतं आणि वीज-पाणी-ड्रेनेज जोडता येईल अशा जागा तिथे फक्त अठरा आहेत. आम्हाला त्यातली मिळाली नाही. तुम्हालाही मिळणार नाही असं धरून चाला.

तीन टाक्यांचं गणित

जोडणी नसेल तर आरव्ही तीन टाक्यांवर चालते. एक, ताज्या पाण्याची. दोन, राखाडी टाकी, म्हणजे मोरी आणि शॉवरचं सांडपाणी. तीन, काळी टाकी, म्हणजे संडास. आमच्या गाडीत त्या अनुक्रमे १५०, ११५ आणि ९५ लिटरच्या होत्या. अमेरिकेत कागदावर गॅलन लिहिलेलं असतं. एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर.

आता तीन माणसांचा एक दिवस धरा. स्वयंपाक आणि भांडी, २० लिटर. तिघांच्या अंघोळी, प्रत्येकी १२ लिटर, म्हणजे ३६. संडासात सोडायला १५. झाले ७१. म्हणजे १५० लिटरची टाकी दोन दिवसांत संपते. राखाडी टाकीत रोज ५६ लिटर जातं, तीही दोन दिवसांत भरते. काळ्या टाकीत रोज वीस-एकवीस लिटर, ती चार दिवस आरामात चालते.

यातून प्लॅन आपोआप निघतो: दर दोन दिवसांनी डंप स्टेशन लागलं पाहिजे. डंप स्टेशन म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा. जॉशुआ ट्रीमध्ये ती ब्लॅक रॉक आणि कॉटनवुडला आहेत, डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला. जॉशुआ ट्रीमधल्या बाकीच्या बहुतेक कॅम्पग्राउंडला प्यायचं पाणीसुद्धा नाही आणि अख्ख्या पार्कमध्ये पेट्रोल पंप नाही. "वाळवंटच तर आहे, भांड्याचं पाणी देऊ ओतून" असं करायचं नाही. त्याला दंड आहे.

गंमत बघा. लोक संडासच्या टाकीला घाबरतात, पण आधी भरते ती मोरीची टाकी. आईला बादलीभर पाण्याने अंघोळ करायची सवय. तिने दोन दिवसांत शॉवर बंद केला, पातेलं घेतलं आणि आठ लिटरमध्ये काम भागवू लागली. म्हणाली, "एप्रिल-मे महिन्यात वाड्यांवर टँकर येतो तेव्हा बायका काय करतात?" खरंय. आमच्याकडे पावसाळ्यात घाट बंद पडतील इतकं पाणी, आणि उन्हाळ्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. पाण्याचा हिशेब आम्हाला नवा नव्हता.

प्यायचं पाणी या टाकीतून घेऊ नका, वेगळं ठेवा. डेथ व्हॅलीत माणशी दिवसाला निदान चार लिटर प्या, असं पार्कच सांगतं. तिघांचे बारा. आम्ही एकोणीस-एकोणीस लिटरचे तीन कॅन घेतले, म्हणजे चार दिवसांचं आणि वर थोडं.

विजेचं थोडक्यात. दिवे आणि पंप बॅटरीवर चालतात, एसी नाही. एसीला जनरेटर लागतो आणि कॅम्पग्राउंडमध्ये तो ठरलेल्या वेळांतच लावता येतो. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, आणि टाकी पावच्या खाली गेली की तो बंद पडतो, म्हणजे तुम्ही अडकू नये म्हणून. आमचा नियम: काटा अर्ध्यावर आला की भरायचं, भाव कितीही असो. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनमिंट स्प्रिंग्जला पंप आहेत, महाग आहेत.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गियर खाली घ्या. हे मला बाबांनी शिकवलं. "ज्या गियरने चढशील त्याच गियरने उतर," ही त्यांची कशेडीतली शिकवण ऑटोमॅटिक गाडीलाही लागू पडली.

बॅडवॉटरची दुपार

आता जे माझ्या शीटमध्ये नव्हतं ते.

बार्स्टोला मी पहिल्यांदा टाक्या रिकाम्या केल्या. हातमोजे, जाड पाइप, आधी काळी टाकी उघडायची, ती रिकामी झाली की राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पंधरा मिनिटांचं काम. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. मला वाटलं, ट्रकवाला माणूस, कुतूहलाने बघतायत.

दोन दिवसांनी आम्ही बॅडवॉटरला गेलो. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, मैलोन्‌मैल मीठ. ऊन होतं, पण आपल्याकडच्या मार्चपेक्षा हवा बरी वाटत होती. बाबा म्हणाले, "हे काय वाळवंट? आपलं वीर यापेक्षा तापतं." अर्धा-पाऊण तास चाललो. परत गाडीशी आलो आणि पायरीवर पाय ठेवताना ते डगमगले. मी धरलं. ओठ सुकलेले, डोळ्यांपुढे अंधारी.

मी विचारलं, पाणी प्यायलात का? "हो, प्यायलो ना." आई आतून म्हणाली, "खोटं. सकाळपासून दोनदा चहाला नाही म्हणालेत. हे आणि चहाला नाही म्हणतील? तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. माझ्या शीटमध्ये "बाबा, ४ लिटर" असं लिहिलेलं होतं, त्यामुळे ते पीत असणार असं मी धरून चाललो होतो.

त्यांना आत झोपवलं, पाय उशीवर घेतले, जनरेटर लावून एसी सुरू केला. आईने गावाहून आणलेलं कोकमाचं आगळ काढलं, मीठ-साखर घालून घोट घोट दिलं. अर्ध्या तासाने जरा तरतरी आली तेव्हा बोलले. आधी ट्रकची सवय सांगितली: गाडीवर असताना पाणी कमी, म्हणजे थांबावं लागत नाही. मग म्हणाले, "आणि ती टाकी. बापाची घाण पोराने उपसायची का?"

बार्स्टोला ते कुतूहलाने बघत नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी पाणी तोडलं होतं. मी पॅनेलकडे बघितलं. काळी टाकी एक तृतीयांश भरली होती. चार दिवसांची टाकी, तिसराही हिस्सा धड भरलेला नाही, आणि तिच्यापायी माणूस तहानलेला.

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "बाबा, २०२१ला महाडात आत्याच्या घरातला गाळ तुम्हीच उपसलात ना? त्या गाळात काय काय होतं?" बावीस जुलैला महाड पाण्याखाली गेलं होतं. पाणी उतरल्यावर आठ दिवस ते तिकडेच होते, गुडघाभर चिखलात. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते वेगळं होतं." पण ग्लास पुढे केला.

कोरडी हवा का फसवते

आपण कोकणातली माणसं घामावरून उन्हाचा अंदाज बांधतो. सदरा चिकटला म्हणजे पाणी हवं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून दिसतो. वाळवंटात हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर यायच्या आत उडून जातो. कातडी कोरडी, मग वाटतं घाम येतच नाहीये, पण शरीरातलं पाणी जातच असतं. वय वाढलं की तहानही कमी लागते. त्यात बाबांच्या बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक होती. हे मी डॉक्टरांना निघण्याआधी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा.

त्या दिवसानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

एक: प्रत्येकाला दोन लिटरची स्वतःची बाटली, नाव घालून. दिवसात दोनदा रिकामी झाली पाहिजे. "पाणी प्यायलात का" हा प्रश्न बंद. आई-वडील त्याला नेहमी "हो"च म्हणतात. बाटली बघायची.

दोन: दिवसा कॅम्पग्राउंड आणि व्हिजिटर सेंटरचे संडास वापरायचे, गाडीतला रात्रीपुरता. त्याने टाकी वाचते आणि संकोचही.

तीन: ओआरएसची पाकिटं हाताशी. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मधुमेह किंवा बीपी असेल तर हेही आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

बाबांना तासाभरात बरं वाटलं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, अंग तापून शुद्ध हरपू लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, ९११. डेथ व्हॅलीतून त्यातल्या त्यात जवळचं हॉस्पिटल पहरंप गावात आहे, फर्नेस क्रीकपासून जवळपास शंभर किलोमीटर. आई-वडिलांचा व्हिजिटर विमा या एका आकड्यासाठी तरी घ्या.

फोनमध्ये काय हवं, आणि पाऊस

बॅडवॉटरला नेटवर्क नव्हतं. फर्नेस क्रीक अठ्ठावीस किलोमीटरवर होतं. म्हणून ही तयारी घरच्या वायफायवर करून ठेवा. गुगल मॅप्सचा तो भाग ऑफलाइन डाउनलोड करा. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप घ्या, त्यातही पार्क ऑफलाइन साठवता येतं. आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर सॅटेलाइटवरून आपत्कालीन मेसेज कसा पाठवायचा ते आधी बघून ठेवा. आणि कागदी नकाशा घ्या. ॲपने दाखवलेला जवळचा रस्ता कच्चा निघाला तर आरव्ही वळवायची नाही, सरळ डांबरी रस्त्याने परतायचं.

पावसाचं हसू येईल, पण ऐका. डेथ व्हॅलीत वर्षभरात जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो. २० ऑगस्ट २०२३ला हिलरी वादळाने एका दिवसात ५६ मिलिमीटर पाडला आणि रस्ते वाहून गेले. पार्क जवळपास दोन महिने बंद होतं. महाडात जुलैमध्ये एवढा पाऊस दुपारच्या चहापर्यंत पडतो! पण तिथे पाणी मुरवायला माती नाही, झाडं नाहीत. उघड्या दगडावरून सगळं पाणी एकदम खाली येतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पार्कच्या पानावर रस्त्यांची स्थिती बघायची, आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी लावायची नाही. सावित्रीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत नसाल तर

हाच हिशेब आपल्याकडेही चालतो. राजस्थानात जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचं, माळढोकाच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कॅम्परव्हॅन आता आपल्याकडेही भाड्याने मिळतात. महाराष्ट्राने तर २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. फरक एवढाच, की डंप स्टेशन जागोजागी मिळतील असं धरू नका. टाक्या कुठे रिकाम्या करायच्या हे बुकिंगच्या आधी विचारा, मुक्कामाच्या हॉटेलशी बोलून ठेवा. बाकी गणित तेच: आत किती पाणी येणार, बाहेर किती जाणार, आणि गाडीतला कोण माणूस गुपचूप कमी पाणी पितोय.

डेथ व्हॅलीतून निघायच्या सकाळी फर्नेस क्रीकच्या डंप स्टेशनवर मी हातमोजे शोधत होतो. सापडेनात. बाहेर आलो तर बाबा ते घालून उभे होते, पाइप जोडलेला. म्हणाले, "बाजूला हो. आधी काळी, मग राखाडी. बरोबर?"

बरोबर.

आता ते वीरला परत गेलेत. फोनवर आई सांगत होती, स्टेशनजवळच्या टपरीवर लोक अमेरिकेचं विचारतात तेव्हा हे डोंगर सांगत नाहीत, मीठ सांगत नाहीत. ती टाकी कशी रिकामी करायची ते हातवारे करून दाखवतात, दुसरा कप चहा पीत.

तुमचा प्लॅन असेल तर मेसेज करा, तिघांऐवजी चौघांचं गणित लागत असेल तर तेही करून देतो. भेटूया पुढच्या भागात. पाणी प्या.